आधी पळायची वाट

आमच्या गल्लीतले मल्लप्पाअण्णा कुणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी पळायची वाट बघतात. मागं दार आहे का, ते उघडतं का, मधे सायकल-बियकल आडवी नाही ना, एवढं पाहून झालं की मग पाण्याचा तांब्या हातात घेतात. माझ्या साडूच्या वास्तुशांतीला त्यांनी खुद्द भटजींना पाट सरकवायला लावला. होम आणि भिंत यांच्या मधे बसून माणूस पळणार कुठून, असं त्यांचं म्हणणं. लोक पोट धरून हसले. लोकांना हसायला काय लागतं?

अण्णांचा जन्म लाकडाच्या वखारीत गेला. चेनवाल्या करवतीच्या मशीननं त्यांनी किती झाडं पाडली देव जाणे, पण हातापायाची सगळी बोटं जागच्या जागी आहेत आणि त्या धंद्यात ती मोठी इस्टेट समजतात. "आधी पळायची वाट, मग करवत," हे त्यांचं ब्रीद. झाड कुठं पडणार ते ठरवायचं, त्याच्या उलट अंगाला तिरकी वाट मोकळी करायची, मगच मशीन चालू. पात्याचं टोक लाकडाला टेकवायचं नाही, नाहीतर मशीन उसळून तोंडावर येतं. खांद्याच्या वर ते न्यायचं नाही. अंगावर लोंबतं काही नको. सोलापूरच्या ज्या उन्हात माणसाला स्वतःचं कातडं जड होतं, त्या उन्हात अण्णा हेल्मेट, जाड चष्मा आणि बूट चढवून उभे. म्हातारपणी हात थरथरायला लागले तेव्हा कुणी सांगायच्या आत त्यांनी मशीन विकून टाकलं.

हे कौतुकानं सांगावं असं आहे, पण मला कौतुक करवत नाही. याच नियमांनी त्यांचं घर मोडलं.

मुलगा बसवराज. त्याची सोयरीक जमली आणि मुलीकडचे सुपारी फोडायला आले. मुलीच्या मामानं बसूच्या गळ्यात टॉवेल घातला, डोक्यावर टोपी ठेवली. आपल्याकडं टॉवेल-टोपीशिवाय मान होत नाही, आणि सोलापुरात टॉवेलांना काय तोटा? तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, दारातली बाभळीची फांदी मांडवाच्या आड येतेय. अण्णांनी तेव्हा मशीन विकलं नव्हतं; बसूनं पाहुण्यांपुढं ऐट म्हणून तेच उचललं आणि दोरी ओढून चालू केलं. आहेराचा टॉवेल गळ्यात तसाच. अण्णा धावले, मशीन बंद केलं, टॉवेल हिसकून धुळीत फेकला आणि भरल्या बैठकीत घोड्याएवढ्या पोराच्या मुस्काटात मारली.

आमचा आहेर धुळीत टाकला, म्हणून पाहुणे न जेवता उठले. तो टॉवेल साखळीत अडकला असता तर पोराचा गळा गेला असता, हे त्यांना कोण सांगणार? मानापुढं गळ्याची काय किंमत! सोयरीक मोडली. बसू जवळच्या कुंभारी गावात राहायला गेला, त्यानं स्वतःचं मशीन घेतलं, पुढं लग्नही केलं, पण बापाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आई होती तोवर निरोप पोचवायची. ती गेल्यावर तेही संपलं. नातू रांगायला लागला हे अण्णांना भाजीवालीकडून कळलं.

परवाच्या वळवात आमच्या कडुलिंबाची मोठी फांदी अर्धी मोडून कुंपणाच्या भिंतीत अडकली. चांगली मांडीएवढी जाड, आणि धनुष्यासारखी रस्त्याकडं फुगलेली. मी फोनाफोनी केली, तर मोकळा सापडला तो नेमका बसूच. अण्णा हातातला चहा तसाच ठेवून आले. बापलेक एकमेकांकडं बघेनात.

बसू मशीन घेऊन रस्त्याच्या बाजूला उभा राहिला. अण्णा तोंड माझ्याकडं करून, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलले, "साहेब, फांदी लई ताणात हाय. फुगल्याल्या अंगाला कुनी उभं ऱ्हाऊ ने म्हनावं."

मी विमा कचेरीतला कारकून, मला ते सांगून उपयोग काय? तरी मी मान डोलावली. बसूनं ऐकलंच नाही असं दाखवलं, उगाच साखळी चाचपली आणि मग भिंतीच्या बाजूला आला. थोडं थोडं कापत आणलं. शेवटी फांदी सणकन सुटली आणि मघाशी तो उभा होता तिथून, छातीच्या उंचीवरून गेली.

अण्णा भर उन्हात बोलतच सुटले. चष्मा कुठं आहे, पायात चपला कशा, चालताना मशीन बंद नको का, सगळं मलाच. बसूनं मशीन बंद करून गाडीला बांधलं आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "ह्यांना सांगा, आता गप बसा म्हनावं. उन्हात चक्कर यील."

आणि किक मारून गेला. बापाकडं एक नजर टाकली असती तर त्याचं काय जात होतं? मला दोघांचाही संताप आला.

अण्णा मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग माझा दंड घट्ट धरला. असा फुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"बोलला की, साहेब," ते म्हणाले. "माज्याशी बोलला की त्यो."

तो माझ्याशी बोलला होता. मी अण्णांना तसं सांगितलं नाही.