शेखरराव यांनी चौथा मजला सर केला त्याची हकीकत

श्री गोदावरी साक्ष. नाशिक शहराचे पश्चिमेस गंगापूर रोड म्हणोन नामांकित पेठ आहे, तेथे राजश्री शेखरराव यांनी आपल्याच घराचा चौथा मजला कैसा सर केला आणि त्या कामी कोण उपयोगी पडले व कोण नुसतेच बोलिले, ते वर्तमान कमजास्त न करिता लिहिले आहे. जेथे पुरावा मिळाला तेथे घेतला. न मिळाला तेथे तैसे नमूद केले. वाचणाराने इतबार ठेवावा. न ठेवील त्याने जिना चढून पाहावा.

शेखरराव सातपूरचे कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांचे तपासनीस. काटा खरे बोलतो की खोटे, हे ओळखणे हीच तयांची मनसब. ते वर्षी ज्येष्ठ मासी सोसायटीची लिफ्ट बंद पडली आणि राव जिन्याने चढो लागले, आणि दुसरे मजल्यावर दम तुटला, मग तेथील गायधनी यांचे दारावरील नावाची पाटी वाचीत उभे राहिले. रोज हाच मुक्काम, रोज हाच बहाणा. एके दिवशी स्नेहलबाईसाहेब भाजीची पिशवी घेऊन मागून आल्या.

"अहो, इतके दिवस झाले, अजून पाटी वाचून संपली नाही का?"

रावांस उत्तर द्यावयाचे होते, परंतु श्वास हाताशी नव्हता. तेच समयी बाईसाहेबांचे फर्मान सुटले की, चारही मजले न थांबता चढावे, उंबऱ्यावर उभे राहून एका दमात उखाणा घ्यावा. तोपावेतो रविवारची मिसळ बंद, तिचे जागी दलिया मुकर्रर. घरच्या डॉक्टरांनीही मागाहून या फर्मानावर मान डोलाविली. नाशिककर गृहस्थाची रविवारची मिसळ जाणे म्हणजे जहागीर जप्त होणे. रावांनी दलियाचा एक घास घेतला आणि मोहिमेचा निश्चय केला.

प्रथम मसलतीस पहिले मजल्यावरील धनराजभाऊ यांस बोलाविले. हे व्यायाम प्रांतीचे जाणते म्हणोन मशहूर.

"शेखरभाऊ, सरळ जिम लावा. मी लावलीय मागच्या दिवाळीला."

"कितपत फरक पडला?"

"फरक कशाचा?"

"जाता ना तुम्ही?"

"जायचं कुठं आलं त्यात? लावलीय म्हटलं ना!"

मराठी मुलखात पेपर लावितात, डबा लावितात, तैशीच जिमही लावितात, आणि डबा जैसा घरी येतो तैसी ताकदही घरपोच होईल ऐसा लोकांचा समज आहे, हे रावांनी ध्यानी घेतले आणि स्वतःच कूच केले.

पहिला मुक्काम काचमहाली. तेथे वातानुकूल वारा, भिंतीस भिंत आरसे, आणि गाणी ऐसी की तोफखान्याने लाजावे. दरवाजावरील तरुणाने रावांस एका यंत्रावर चढविले. यंत्राने तयांचे शरीराचे वय एकसष्ट सांगितले, जे जन्मतारखेहून सात वर्षे अधिक. तपासनिसाचे रक्त उसळले. राव उतरले, पाणी प्याले, पुन्हा चढले. यंत्राने अठ्ठावन्न सांगितले. राव बोलिले की, पाणी पिऊन तीन वर्षे कमी होतात तर दोन तांब्यांत पाळण्यात जाईन, मग फी कोण भरील? तरुणाने मालकास बोलाविले आणि मालकाने चहास बोलाविले. चहा उत्तम होता. किल्ला हाती आला नाही.

दुसरा मुक्काम उद्यानातील हास्यमंडळी. तेथे हात वर करून हसण्याचा हुकूम सुटला. रावांनी कारण पुसिले, तेव्हा मंडळी प्रथमच खरी हसली. पलीकडे महानगरपालिकेची खुली व्यायामयंत्रे होती; परंतु एकावर दोन आज्या मेथी निवडीत, दुसऱ्यावर कोणाची चादर वाळत, आणि तिसऱ्याचे दांडे कोण्या बहाद्दराने मोहिमेआधीच लुटून नेलेले. तेथून राव सडेच परतले.

ऐसे निराशेत येत असता नदीकडील मोकळे पटांगणी पत्र्याची शेड दिसली, आणि तीवर फलक की: तालीम रोज सायंकाळी, नवीन भरती सुरू, वयाची अट नाही, कोणतेही शुल्क नाही. रावांचे डोळे भरून आले. वडिलांनी ज्या तालमीत जोर काढिले तैसीच एक तालीम या पेठेत उरली, ऐसे मानून, पुरावा न मागता आत गेले. आयुष्यातील ही एकच वेळ, म्हणोन नमूद केली. आत तरुण पोरे कमरेस फडके आवळीत होती. तो लंगोटाचाच प्रकार ऐसा रावांचा ग्रह जाहला.

आरोही नामे कन्या तेथील सरदार. तिने पुसिले, "काका, तालमीला आलात ना?"

"हो."

"मग बांधा ह्यांना!"

दोघांनी रावांचे कमरेस पिंपाएवढे जड काही आवळिले आणि गाठ पाठीमागे मारिली. राव बोलिले की वजन ठीक आहे, परंतु मुद्गल कोठे?

"मुद्गल? काका, हा ढोल आहे."

"बाहेर तालीम लिहिलंय!"

"तालीमच आहे की. गणपतीच्या मिरवणुकीची!" आणि तिने हाती टिपरू दिले.

माघारीचा विचार रावांनी केला, परंतु गाठ पाठीमागे, सबब स्वहस्ते पळून जाणे अशक्य. आणि रस्त्यावर धनराजभाऊ कुल्फी खात उभे, सबब बेइज्जतीने जाणे त्याहून अशक्य. मग ताशा कडाडला आणि रावांनी टोल दिला. पहिला चुकला, दुसराही चुकला, तिसऱ्याने शेजारच्या पोराचे कोपर सुजले.

"काका, ढोल तिकडं नाही, पुढं आहे!"

तास संपता अंग घामाने निथळले. रावांनी मनगटी बोट ठेवून नाडी पाहिली आणि ती काचमहालातील कोणत्याही यंत्राहून खरी बोलिली. तरी एका निरीक्षणावरून अनुमान काढणे गैर, सबब दुसरे दिवशी पुन्हा जाणे शास्त्रोक्त ठरले. आणि तिसरे दिवशीही. बाईसाहेब पुसत, तेव्हा राव "तालमीला जातो" म्हणत, जे अक्षरशः सत्य. तळहातास फोड पाहून बाईसाहेबांनी लोखंड उचलल्याचा तर्क केला आणि हळद लाविली. रावांनी तर्कास हात लाविला नाही.

श्रावण सरता एके रविवारी राव जिन्याशी उभे ठाकले. लिफ्ट दुरुस्त होती. तीस रावांनी नमस्कार केला आणि चढो लागले. गायधनींची पाटी आली, राव न पाहता पुढे गेले. तिसरा मजला पडला. चौथ्यास बाईसाहेब दार अडवून उभ्या. राव उंबऱ्यावर थबकले, छाती भरून घेतली, आणि एका दमात बोलिले:

"सातपूरच्या काट्यांची रोज काढतो चूक,
स्नेहलचं नाव घेतो, मिसळीची लागलीय भूक!"

खालच्या मजल्यावरून गायधनींनी टाळ्या वाजविल्या. बाईसाहेबांनी हसू दाबून फर्मान मागे घेतले आणि नवे काढिले की, मिसळ मिळेल, तर्री एक वाटी. दुसरी मागाल तर पुन्हा तळमजल्यापासून. तह मंजूर जाहला. तदनंतर बाईसाहेबांनी पुसिले, "पण कुठली जिम लावलीत?" रावांनी कमरेचे फडके पुढे ठेविले आणि सर्व कबूल केले.

वजन पाहता फारसे घटले नाही. दम मात्र वाढला. दोन्ही नमूद करणे बखरकारास भाग. फत्ते होते तेव्हा नौबत वाजवावी, ऐसा जुना दस्तूर आहे. येथे आधी नौबत वाजली, मग फत्ते जाहली, आणि राव रविवारी दुसरी वाटी मागून मुकाट जिना उतरो लागले. लेखनसीमा.