मायनस अठरा

जेल रोडवरच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी दार उघडंच होतं. हमाल आदल्या दिवशी सामान ठेवून, फ्रीज लावून गेले होते आणि मी खोक्यांच्या मधोमध उभी राहून चहाची भुकटी शोधत होते. तेवढ्यात एक उंच, टकलावर चष्मा चढवलेले गृहस्थ आत आले. चपला बाहेर काढल्या, माझ्याकडे बघून मान हलवली, सरळ आमच्या फ्रीजपाशी गेले, वरचं दार उघडलं आणि शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढून आत ठेवला. मग हाताची घडी घालून उभे राहिले. मीही उभी राहिले. दुसरं काय करणार?

पाच मिनिटांनी त्यांनी थर्मामीटर उचलला. "मायनस अकरा. नाय ताई, हे चालणार नाय. मायनस अठरा पाहिजे." आणि जाता जाता म्हणाले, "मी खैरनार. समोरचा. चहा आमच्याकडं झालाय, काकू बोलावतेय."

खैरनार काका मूळचे सटाण्याकडचे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये तेहतीस वर्षं पाळ्या करून निवृत्त झाले. माणूस निवृत्त झाला, कंट्रोल रूम निवृत्त झाली नाही. ती त्यांनी घरी आणून गॅलरीत मांडली. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसला आडवा, पांढरा डीप फ्रीझर. त्याच्यावर खिळ्याला लटकवलेली वही, वहीला सुतळीनं बांधलेलं पेन. दिवसातून तीनदा, पाळी बदलायच्या वेळेला, काका झाकणाच्या काचेतून आकडा बघत आणि वहीत लिहीत. शेरा बहुधा 'नॉर्मल' असे. एकदा मी 'काकू रागावल्या. तरी नॉर्मल' असाही शेरा वाचला.

फ्रीझरात काय? शिजवलेलं मटण आणि पाव. मटणाचा रस्सा, सुकं मटण, खिमा. पाव, ब्रेड, आणि काकांनीच लाटलेल्या, भारताच्या नकाशापासून दूर जात जात गोलाकडे निघालेल्या पोळ्या.

या विषयावर काकांना कुणी एक शब्द विचारला की गेलीच त्याची संध्याकाळ. आमच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात त्यांना एकदा ब्रेडचा पुडा दिसला, तर ते खाली बसले. बसलेच. "ताई, ब्रेड एक तर बाहेर, नायतर बर्फात. मधल्या थंडीत तो लवकर शिळा होतो. ताजा असतानाच पिशवीत घाला, हवा काढा, वर टाका. लागंल तेवढेच तुकडे काढायचे आणि थेट तव्यावर. वर झाकण. दोन मिनिटं." मटणाचं शास्त्र आणखी कडक. गरम पातेलं उचलून फ्रीझरात ठेवणारा माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगार होता. "एकदम फुल लोड टाकता मशीनवर? ट्रिप होणार नाय तर काय! पसरट ताटात काढा, ताट पाण्यात ठेवा, दोन तासांच्या आत गार करून पिशवीत. पिशवी चपटी करायची, वहीसारखी. तारीख टाकायची. आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात उतरवायची, खळखळ उकळायची. आणि एकदा वितळलं की परत वर नाय. गेलेली पाळी परत येत नाय."

हे सगळं मला कशाला, असं मी म्हणायचे. आमच्या घरात सासूबाईंमुळे अंडंसुद्धा येत नाही. काका म्हणत, "ज्ञान हाय, शाकाहारीच हाय. ठेवा."

या सगळ्या कारभाराच्या विरोधी पक्षात एकच माणूस होतं, ते म्हणजे शकुंतलाकाकू. काकूंचं सगळं आयुष्य तव्यावरून ताटात वाढण्यात गेलेलं. "कालचं ते शिळं. बर्फात ठेवा नायतर देव्हाऱ्यात ठेवा," हा त्यांचा निकाल. दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे त्या दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्याला तो ऐकवत. बिल्डिंगला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दीड वर्षात काकू फक्त दवाखान्यापुरत्या खाली उतरल्या होत्या, त्याही खुर्चीत बसून, चौघांनी उचलून.

एकदा काकांनी भाकरी गोठवायचा प्रयोग केला. बाहेर काढली तेव्हा तिचे कौलासारखे तुकडे पडले. काकू दोन दिवस खुशीत होत्या. येईल त्याला तुकडा दाखवत. "बघ, भाकरी काय ऐकत नाय यांचं." काकांनी वहीत 'भाकरी: अपयश' लिहिलं आणि ते पावाकडे वळले. पाव आणायला तळमजल्यावरच्या शाहीनभाभींकडे जात, कारण भाभींचे यजमान बेकरीत कामाला आणि पहिल्या घाण्याचा पाव सकाळीच त्यांच्या घरी येई.

स्वयंपाक काकांना आधी मुळीच येत नव्हता. तो ते काकूंकडूनच शिकले, पण शिकण्याची रीत त्यांची. काकू म्हणत, "मसाला अंदाजानं घालायचा." काका वजनकाटा पुढे करत. "अंदाज ह्याच्यात टाक." काकू चिमूटभर हळद काट्यावर टाकत, मूठभर खोबरं टाकत, आणि काका चष्मा खाली ओढून लिहून घेत. तुझी चिमूट इतक्या ग्रॅमची, मूठ इतक्या ग्रॅमची. "आणि तिखट?" "तुमच्यावर किती राग आलाय त्याच्यावर हाय." काका पेन थांबवून म्हणत, "सरासरी सांग."

आम्ही हसायचो. पण एका दुपारी मी काकूंना औषध द्यायला गेले, तेव्हा त्या हसत नव्हत्या. काका बाजारात गेले होते. काकू गॅलरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुला सांगू, हे सगळं का चाललंय? मी गेल्यावर खायची सोय करून ठेवतायत. मला काय कळत नाय?"

"काहीतरीच काय बोलता काकू!"

"काहीतरी कसं? चार वर्षं झाली डॉक्टर सांगतोय, गुडघे बदला. मी म्हणते, मी दोन-तीन महिने पडले तर यांना कोण करून घालंल? लेक सुरतेला, तिची पोरं शाळेत. आधी आग्रह करायचे. भांडायचे. आता सहा महिने झाले, तोंडातून शब्द नाय काढला. सोडला नाद. आणि हे मशीन घेऊन बसले."

खरं सांगायचं तर मलाही ते थोडं पटलं.

एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला. दुपारी तीनचा सुमार. आधी धुळीचा लोट, मग वारा, मग बोराएवढ्या गारा. कुठेतरी झाड पडल्याचा आवाज झाला आणि लाइट गेले. काका एखाद्या सेनापतीसारखे जिन्यात आले. "सगळ्यांनी फ्रीजचे प्लग काढा! लाइन परत येताना दणका देते!" आधी आमचा प्लग स्वतःच्या हातानं काढला. मग दुसरा मजला, मग पहिला. दारं ठोठावत, घरात शिरत, माणसांना बाजूला सारत. शाहीनभाभींच्या फ्रीजमागे वाकून त्यांनी प्लग ओढला आणि तेवढ्यात लाइन आली. दिवे एकदम भगभगले, पंख्यांनी किंकाळी फोडली, आणि वरून, तिसऱ्या मजल्यावरून, फट्ट असा आवाज आला.

साऱ्या बिल्डिंगचे फ्रीज वाचले. काकांचा डीप फ्रीझर तेवढा गेला. स्वतःचा प्लग त्यांनी शेवटी काढायचा ठेवला होता.

मेकॅनिक संध्याकाळी आला, मागचं झाकण काढून हुंगलं आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर उडाला काका. आठ दिवस लागतील."

काका गॅलरीत स्टुलावर बसले. झाकण बंद, त्याच्यावर दोन गोधड्या घातलेल्या, आणि वर त्यांचा हात, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

शाहीनभाभी वर आल्या. "काका, ऐसे क्या बैठे हो? आमचा फ्रीजर अर्धा रिकामा आहे. द्या इकडे." पहिल्या मजल्यावरच्यांनी बर्फाचे ट्रे काढून जागा केली. काका ताडकन उठले, वही घेतली, आणि कोणाकडे किती माल ते लिहायला लागले. पिशव्या अजून दगडासारख्या घट्ट होत्या. मी आणि भाभी त्या टोपलीत भरायला लागलो.

आणि मग काकू खुर्चीतून उठल्या. भिंतीला धरत, एकेक पाऊल मोजत दारापर्यंत आल्या आणि त्यांनी टोपलीतली वरची पिशवी उचलली. "कशाला लोकांच्या घरात भरताय हे? टाकून द्या. मी मेल्यावरच खायचं ना? अजून जित्ती हाय मी."

जिन्यात सगळे थबकले. काकांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना मराठी कळतच नाही. मग ते एकदम गावाकडच्या बोलीत ओरडले, "येडी शे का तू! वाच ना, काय लिखेल शे ते!"

काकूंनी पिशवी डोळ्यांजवळ नेली. वरच्या चिठ्ठीवर काकांच्या सुबक अक्षरात होतं: मटण रस्सा. माणसं दोन. तिखट कमी, शकूसाठी.

त्यांनी दुसरी उचलली. खिमा. माणसं दोन. तिसरी. पाव आठ. माणसं दोन. मी टोपलीत बघितलं. सगळ्यांवर तेच.

"तीन महिन्यांचं हाय," काका म्हणाले. आवाज खाली आला होता. "दोन वेळचं धरून पुरतं. भाजी ताजी करता येती आता मला, आमटीबी येती. दर वेळी तू म्हणायची, तुम्हाला कोण घालंल. भांडून तू ऐकत नव्हती. म्हटलं, बोलायचंच नाय. पुरतं भरलं की झाकण उघडून दाखवायचं, मग कोणतं कारण सांगशील? आठवड्याचं राहिलं होतं फक्त. रात्रपाळीवरून पहाटे आलो, दुपारच्याहून मध्यरात्री आलो, तू उठायची. गरम भाकरी. तेहतीस वर्षं. तुझ्या गुडघ्यांवर जेवलोय मी."

काकूंनी पदरानं पिशवीवरचं दव पुसलं आणि म्हणाल्या, "मग उभे काय राहिलात? वितळंल ना ते."

त्यानंतरची अर्धी घटका आमच्या जिन्यात जी पळापळ झाली तशी मी लग्नघरातही पाहिलेली नाही. पाव आणि पोळ्या आमच्याकडे, कारण ते सासूबाईंना चालणारे होते. मटण भाभींकडे आणि खालच्या मजल्यांवर. बहुतेक सगळं बसलं, पण शेवटी मटणाच्या सात पिशव्या उरल्या. काका त्या हातात धरून जिन्यात उभे. आमच्या फ्रीझरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

सासूबाई दारातून सगळं ऐकत होत्या. त्यांनी मला हाक मारली. "वाटाण्याच्या पिशव्या काढ गं. आपण ताजे खाऊ." मी बघतच राहिले. त्या काकांना म्हणाल्या, "डब्यात घालून द्या. घट्ट झाकणाच्या. आणि डब्यावर काय आहे ते लिहू नका म्हणजे झालं."

"तारीख?" काकांनी विचारलं.

"तारीख चालेल."

पुढचे आठ दिवस काका दिवसातून तीनदा घरोघर थर्मामीटर घेऊन फिरत होते. सासूबाई त्यांना 'डॉक्टर आले' म्हणत. कॉम्प्रेसर बसला, माल परत गॅलरीत गेला, आणि पंधरा दिवसांनी काकू ऑपरेशनला गेल्या. खुर्ची धरून खाली नेताना त्या काकांना सूचना देत होत्या आणि काका लिहून घेत होते.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी काकूंनी पहिल्यांदा रस्सा-पाव खाल्ला. मी तिथेच होते. काका वाढून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, परीक्षेच्या निकालाला उभे राहतात तसे. काकूंनी पाव बुडवला, खाल्ला, आणखी एक बुडवला.

"मीठ?" काकांनी विचारलं.

"बरोबर हाय," काकू म्हणाल्या. "रस्सा अजून वाढा थोडा." 'शिळं' हा शब्द त्या घरात मी नंतर ऐकला नाही.

जुलै सरता सरता काकू जिना उतरल्या. स्वतःच्या पायांनी. कठड्याला एक हात, काठीला एक हात, प्रत्येक मजल्यावर थांबत. दीड-दोन वर्षं शाहीनभाभींच्या घरी जाता आलं नव्हतं, म्हणून पहिला मुक्काम भाभींकडेच. आतून हसण्याचा आवाज येत होता, कपबशा वाजत होत्या.

मी ऑफिसातून आले तर काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. मांडीवर नव्या कोऱ्या बायकी चपला, मऊ तळव्याच्या. घरातल्या सपाता घालूनच काकू उतरल्या होत्या, म्हणून हे मागोमाग चपला घेऊन आलेले.

"आत जा ना काका. चहा चाललाय."

"नको." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मी दिसलो की तिला वाटंल, चला, यांच्या जेवणाची वेळ झाली. बसू दे तिला निवांत."