दिलीपचं गिऱ्हाईक

आमच्या पेणच्या ऑफिसात दिलीप नोंदी साठवायचा कोणताही डेटाबेस आधी मारून बघतो. फोनवर नोंद सेव्ह होतेय न होतेय तोच हा बाबा मागचं झाकण उघडून बॅटरी उपटतो. पुन्हा घालतो, फोन चालू करतो, आणि जुन्या नोंदी दिसल्या नाहीत की हात जोडून म्हणतो, "गेला बिचारा."

काम तसं साधं होतं. ज्यांना माणसं ओळखू येत नाहीत त्यांच्यासाठी अ‍ॅप. फोटोवर बोट ठेवलं की तो माणूस कोण ते फोन बोलून सांगणार. नेट नसताना चालायला हवं, म्हणून डेटाबेस अ‍ॅपच्या पोटातच बसणारा, सगळं फोनमधल्या एका फायलीत. असे ढिगानं मिळतात. मी म्हटलं, "उचल एक आणि मोकळा हो."

"नाय जमायचं. माझं गिऱ्हाईक काम झालं की थेट बॅटरीच काढून ठेवतं. फाईल फुटली तर घरात येणारा प्रत्येक माणूस चोर वाटेल त्याला."

"मग सांग ना, काढू नका म्हणून."

"सांगून बघितलं," एवढंच म्हणाला.

नवे, झटपट, जाहिरातीत मिरवणारे सगळे गेले. उरला एक जुनाट, सरळमार्गी. अर्धवट नोंद तो सोडून द्यायचा, पण आधीची एकही हरवायचा नाही. दिलीपनं ऑफिसभर पेढे वाटले. डेटाबेस ठरल्याचे पेढे मी तरी पहिल्यांदाच खाल्ले.

पुढे रोह्याला काम निघालं, म्हणून जवळच वरसेला त्याच्या घरी डोकावले. दारात त्याची आई. मला बघून घाबरून मागं सरली. मग फोन घेतला आणि टॉर्चमध्ये सेल घालावेत तशी त्यात बॅटरी घातली. तेव्हा गिऱ्हाईक कोण ते कळलं. फोन चालू होईपर्यंत मी देवाचं नाव घेत उभी.

फोटो सगळे आले. माझा यानं कधी काढला कोण जाणे. मावशीनं, म्हणजे त्याच्या आईनं, त्यावर बोट ठेवलं आणि फोनमधून दिलीपचा आवाज आला, "ही सुनंदा. माझ्या हापिसात हाय. चांगली हाय."

"ये गो, बस," मावशी म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

मी फोटो चाळले. बहीण, शेजारीण, दूधवाला, डॉक्टर. दिलीपचा फोटो नव्हता. तेवढ्यात तो परसातून आत आला.

"तुझा कुठाय रे?"

"नाय घातला. लागेल तेव्हा बघू," म्हणत तो स्वयंपाकघरात गेला.

फोनकडे न बघताच मावशीनं हाक मारली, "दिल्या, तिला च्या ठेव रे."

"ठेवतो, आये," तो आतून म्हणाला. चहा केव्हाच उकळला असेल, तरी तो बराच वेळ बाहेर आला नाही.