भोईरकाकांचा लॅपटॉप उठेपर्यंत

भोईरकाका लॅपटॉप चालू करायचे आणि आंघोळीला जायचे. आंघोळ, पूजा, तुळशीला पाणी सगळं उरकून आले, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. कामासाठी आलेल्याने घाई केली की म्हणायचे, "उठतंय, उठतंय. म्हातारं हाय ते. म्हाताऱ्याला धक्के मारून उठवतात का?"

काका आमचे शेजारी. घरात एकटेच. मूळचे खारबावचे, पण सगळी नोकरी भिवंडीत जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेली. लॅपटॉप मुलाने बंगळूरला जाताना मागे ठेवलेला. त्यावर काका गल्लीतल्या आणि गावाकडच्या लोकांची कामं फुकट करून देतात. कुणाचा सातबारा, कुणाचं वीजबिल, कुणाच्या पोरीचा निकाल. टायपिंग एका बोटाने. तेही आधी हवेत घिरट्या घालतं आणि अक्षर दिसलं की घारीसारखं झडप घालतं.

लॅपटॉपची तब्येत ते कानाने तपासायचे. कीबोर्डवर कान टेकायचा, डोळे मिटायचे. आतून कर्र कर्र ऐकू आली की समाधानाने मान डोलवायची. "चालू हाय. लूम काय नि ह्यो काय, आवाज हाय तवर जीव हाय."

एकदा आमचं इंटरनेट बंद पडलं म्हणून मी मुलीच्या कॉलेजचा अर्ज भरायला त्यांच्याकडे गेलो. तिसरा चहा झाला तरी लॅपटॉप उठेना. काका मजेत होते, माझं मात्र डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी काका आणि लॅपटॉप, दोघांनाही रिक्षात घालून धामणकर नाक्यावर शकीलभाईंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

शकीलभाई म्हणाले, "मशीन अच्छा है चाचा, बस हार्ड डिस्क थकेली है. उसकी जगह नई वाली, एसएसडी डाल देता हूँ, आपका सब डेटा उसमें आ जाएगा."

काका हलायला तयार नाहीत. ऑपरेशनला आलेल्या नातेवाइकासारखे काउंटरला चिकटून उभे राहिले. जुनी डिस्क बाहेर आली तशी त्यांनी ती मागून घेतली आणि रुमालात गुंडाळली.

नवी बसवून शकीलभाईंनी बटण दाबलं. काका चष्मा पुसत होते. तो नाकावर चढायच्या आत पडदा उजळून तयार. मी विजयी मुद्रेने काकांकडे बघितलं. काकांनी कीबोर्डवर कान टेकला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"गेला! आवाजच न्हाय!"

"चाचा, इसमें घूमने वाला कुछ है ही नहीं. आवाज़ कहाँ से आएगी?"

काकांना पटेना. त्यांचंही बरोबर. भिवंडीत लूमचा आवाज थांबला की लाइट तरी गेलेली असते, नाहीतर मालक तरी. घरी येईपर्यंत त्यांनी रिक्षात दोनदा लॅपटॉप उघडून जिवंत आहे का ते बघितलं.

मी मात्र गल्लीभर मिरवलो. काकांचा लॅपटॉप मी सुसाट केला म्हणून.

थोड्या दिवसांनी आमचं इंटरनेट पुन्हा बंद पडलं, म्हणून वीजबिलाची प्रत काढायला त्यांच्याकडे गेलो. काका "बसा" म्हणाले, स्वयंपाकघरात चहा टाकून आले आणि लॅपटॉप उघडला. मी टेकेपर्यंत बिल निघालंसुद्धा. मी उठलो, दारात चप्पल घालू लागलो.

"शकीलला इचाराल का," काका मागून म्हणाले, "जुनी डिस्क परत बसंल का?"

"का? बिघडला का?"

"न्हाय हो. झ्याक चालतोय. पण आता माणसं दारातूनच जातात. काम झालं, चालले. आधी तो उठंस्तवर बसायची. कुणाची म्हस व्याली, कुणाचं लग्न ठरलं, समदं कळायचं. तुमची काकू गेल्यापासून ह्या घरान माणसाचा आवाज असा तेवढाच होता."

मला फार वाईट वाटलं. केवढ्या उत्साहाने मी या माणसाची बैठक मोडून टाकली होती. मी चप्पल काढली आणि आत येऊन नीट मांडी घालून बसलो.

"काका, अजून एक काम आहे," मी म्हणालो. काम काहीच नव्हतं.

काकांचा हात लॅपटॉपकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांना कळलं असावं.

"ते करू सावकाश," ते म्हणाले. "आधी सांगा, पोरीच्या कॉलेजचं काय झालं?"

मी सांगायला सुरुवात केली. लॅपटॉप समोर तयार होता. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे बघितलं नाही.