ओव्हनाचा कौल

माझं माप चुकत नाही. ही फुशारकी नव्हे, पोटाचा धंदाच तो आहे. सुर्ल्याच्या खाणीवर मी वजनकाट्यावर बसतो. भरलेला टिपर समोर आला की नुसत्या टायरांकडे बघून मी माल किती ते सांगतो, आणि मागून काटा मुकाट्याने तेच सांगतो. म्हणून घरात ओव्हन घ्यायचं ठरलं तेव्हा मी बायकोला ऐटीत म्हटलं, "मापाचा माझ्यार सोड. तू फक्त केकाचा बघ."

एवढं एक वाक्य गिळलं असतं तर पुढचा आठवडा मी सुखाने झोपलो असतो.

बायको म्हणजे मालती. डिचोलीत महिला मंडळाच्या वर्गात ती केक करायला शिकली, आणि तेव्हापासून कुकरात रेती घालून केक भाजत होती. कधी फुगायचा, कधी रुसायचा. आम्ही दोन्ही खायचो. पण आमचे घरमालक सगुणबाब यांच्या नातवाचा पहिला वाढदिवस आला, सगळ्या वाड्याला आमंत्रण गेलं, आणि मालती सगुणबाबांसमोर बोलून बसली, "केक मी करतंय." चांगला दोन किलोचा! तो कुकरात मावणार कुठे? वाढदिवस होता रविवारी.

"फुगलो नाय तर वाड्यार तोंड दाखवक जागा ऱ्हवची नाय," आई म्हणाली. आई, म्हणजे शेवंताबाई, आमच्याकडेच असते आणि धीर द्यायचं काम तिच्याकडेच आहे.

मालतीने लग्नापासून माझ्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं. या वेळी ती म्हणाली, "एकदा माझ्या हातचो वाड्यान खावक व्हयो. मग लोक आपणाहून येतले." तिला भीती वाटत होती हे मला दिसत होतं. मलाही वाटत होती. पण नवऱ्याने भीती दाखवायची नसते, टेप दाखवायचा असतो.

आमचं स्वयंपाकघर एवढं की एकाने श्वास सोडल्याशिवाय दुसऱ्याने घेऊ नये. ओट्याच्या उजव्या टोकाला देव्हारा, मधे गॅस, डाव्या टोकाला लागून फ्रीज. देव्हाऱ्याच्या शेजारी एक रिकामी जागा होती आणि तिथे जाड पिनेचं बटण होतं. तसं दुसरं बटण फ्रीजजवळ. बाकी घरात चार्जर लावला तरी दिवा मंद होतो. मी देव्हाऱ्याजवळची जागा मोजली. रुंदी, उंची, खोली, मागे हवा खेळायला चार बोटं, पुढे दार उघडायला जागा. काही म्हणजे काही सोडलं नाही.

म्हापशाच्या दुकानात पोरग्याने कुठला हवा ते विचारलं, "साधो जाय, ग्रिलचो जाय काय कॉम्बिनेशन?"

"कॉम्बिनेशन म्हणजे?"

"सगळें. गरम करता, भाजता, केक करता."

"केकाचो डबो केदो मावता?" मालतीने विचारलं.

"आणि पापलेट?" मी विचारलं.

प्रश्न साधा होता. रात्रपाळी करून लाल धूळ खाणाऱ्या माणसाला तेल न पिता भाजलेलं पापलेट आवडू नये का? त्यातल्या त्यात लहान कॉम्बिनेशन आम्ही पसंत केला, आगाऊ पैसे दिले, शुक्रवारी घरी पोचवतो म्हणाले. घरी येऊन मी आईला हौसेने सगळं सांगितलं. ग्रिलचंही सांगितलं.

आई म्हणाली, "देवाच्या कानाकडे नुस्ता भाजतलास?" नुस्ता म्हणजे मासळी.

"गे आई, केकच करूचो आसा त्यात."

"ती केक करतली. आणि तू?"

मालती म्हणाली, "नुस्ता घालूचा नाय. ओव्हन शिवराक ऱ्हवतलो."

"शिवराकच, एकदम शाकाहारी ऱ्हवतलो," मीही म्हटलं. पण तोंडाने म्हटलं. मन कुठे होतं ते आईला दिसलं. जन्म दिला आहे तिने.

"ह्येचो माका इश्वास नाय," आई म्हणाली. "उद्या मी देवळात गेलंय की हो पापलेट लावतलो, आणि पाप माझ्या माथ्यार. देवाकच इचारूया. कौल लावया."

आमच्याकडे लग्न, विहीर, जमीन, सगळं देवाला विचारून होतं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न घालायचा आणि बसायचं. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. पण ओव्हनाचा प्रश्न घेऊन जाणारं आमचं घराणं बहुधा पहिलंच.

गुरुवारी सकाळी रात्रपाळीवरून आलो, आंघोळही धड झाली नाही, तोच दोघींनी मला पेडण्याच्या बाजूला आमच्या गावी नेलं. देवळातले गुरव बाबलीकाका. त्यांनी आईचं म्हणणं ऐकलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, "ओव्हन म्हणजे चूल काय पेटी?"

"पेटी. आत चूल," आई म्हणाली.

काकांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! तुझा लेकरू शिवदास पोटापाण्याक डिचोलीक ऱ्हवता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं.

"तेच्या बायलेन केकाची ऑर्डर घेतली हा, म्हाराजा! तेका आतल्या चुलीची पेटी येतली हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती देव्हाऱ्याकडे बसयली तर शिवराक ऱ्हवतली. फ्रीजाकडे बसयली तर तेच्यात नुस्ताय भाजतले. देव्हाऱ्याकडे व्हयी तर उजवो कौल दी. फ्रीजाकडे व्हयी तर डावो दी. लेकराक वाट दाखय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मालतीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तिला देव्हाऱ्याकडची जागा हवी होती, कारण माप तिथलं होतं.

मग आम्ही बसलो. पाकळ्या हलेनात. बाहेर कुणी नारळ सोलून संपवले, कुत्रं येऊन एकदा बघून गेलं, पाकळ्या जागच्या जागी. माझे डोळे मिटत होते. रात्रभर काट्यावर टिपर मोजलेल्या माणसाच्या नाकात किती धूळ असते हे आमच्या देवाला कुणी सांगितलेलं नव्हतं. उजवी पाकळी जराशी खाली सरकली. मालतीने हात जोडून श्वास धरला.

आणि मला शिंक आली.

साधी शिंक नव्हे. समईची वात विझली, आणि डावी पाकळी उडून थेट काकांच्या मांडीवर आली.

काका पाकळीकडे बघत राहिले. "आता हेका कौल म्हणूचो काय..." त्यांनी सुरुवात केली.

"डावो!" आईने निकाल दिला. "दिलो देवान."

"आई, ती शिंक," मालती म्हणाली.

"शिंक हाडणारो कोण? देवच मा?"

या वादात मी पडायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की काका, परत लावा. पण परत लावायचं म्हणजे परत बसायचं, आणि मला घरी जाऊन झोपायचं होतं. मी नाक पुसलं आणि उठलो.

शुक्रवारी ओव्हन आला. देवाच्या आज्ञेप्रमाणे तो डाव्या टोकाला, फ्रीजला चिकटून बसवला. बसला म्हणजे असा बसला की मी मिशीवर हात फिरवला. मालतीने दार उघडलं. ओव्हनाचं दार डावीकडे उघडतं, आणि डावीकडे फ्रीज. तोही ओट्यापेक्षा हातभर पुढे आलेला. दार चार बोटं उघडलं आणि फ्रीजवर आपटलं.

तिने परत उघडलं. परत चार बोटं.

"थांब," मी म्हटलं, "तोंड फिरवूया." तोंड फिरवलं तर ते सरळ गॅसच्या शेगडीत बघायला लागलं. परत होतं तसं केलं. मग शेजारचा योगेश टिपर ड्रायव्हर बोलावला आणि दोघांनी फ्रीज बाहेर पडवीत न्यायला ओढला. तो दारात अडकला. फ्रीज आत आला तेव्हा दाराला लोखंडी ग्रिल नव्हतं. सगुणबाबांनी ते चोरांच्या भीतीने मागून बसवलं होतं. आता चोर आत येत नव्हता आणि फ्रीज बाहेर जात नव्हता. तो परत जागेवर ढकलताना माझी पाठ धरली.

"आई, ओव्हन देव्हाऱ्याकडे ठेवया," मी ओणव्यानेच म्हटलं. "माप थंयचा आसा."

"देवान डावो दिल्यार उजवीकडे? माझ्या जित्तेपणी नाय."

योगेश तोंड दाबून हसत निघून गेला. मालती ओव्हनाच्या फटीकडे बघत उभी होती. केकाचा डबा तिने आडवा लावून पाहिला, उभा लावून पाहिला. मग हळूच म्हणाली, "ह्या फटीतसून डबो जायना."

"दिसता."

"पापलेट जाता."

मी फटीकडे पाहिलं. शपथेवर सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. पण खरंच, शेपटीला धरून उभं सरकवलं तर पापलेट छान गेलं असतं.

"मालती, शिंक खरी होती गे."

"मी काय म्हटलंय?"

"नाकात धूळ..."

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली आणि डबा घेऊन बाहेर गेली. आई माझ्याकडे बघत राहिली. जन्मात पहिल्यांदा त्या दोघींचं कशावर तरी एकमत झालं होतं.

शनिवारी संध्याकाळी, भाजायचं कुठे हे न ठरवताच, मालतीने अंडी फोडली, लोणी घोटलं, दोन किलोचं पीठ डब्यात ओतलं आणि डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसली. रडली नाही. तिने रडावं असं मला वाटलं, म्हणजे मला काहीतरी बोलता आलं असतं. वाड्यात पताका लागत होत्या. सगुणबाबांनी पलीकडून हात केला, "केक जालो मगो?"

"जाता," मालती म्हणाली.

तेवढ्यात पदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला. आंतोन संध्याकाळचे पाव घेऊन आला होता. मालतीने त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि उठली.

आंतोनची भट्टी, त्याचं फोर्न, वाड्याच्या टोकाला आहे. लाकडावर तापणारं, एका वेळी अख्ख्या लग्नाचे पाव आत मावतील एवढं. त्याला दार डावीकडे नाही, उजवीकडे नाही, नुसतं तोंड आहे. दुखरी पाठ सांभाळत मी मालतीच्या मागून डबा घेऊन चाललो.

आंतोन म्हणाला, "दवर थंय. गरम आसा अजून. पूण करपलो जाल्यार म्हाका सांगूं नाका."

आम्ही कोंड्याच्या पोत्यांवर बसलो. मी झोपेने डुलत होतो, पण मालतीची बोटं माझ्या मनगटात रुतलेली होती. ती सोडत नव्हती. आंतोनने लांब दांड्याच्या फळीने डबा बाहेर ओढला तेव्हा केक फुगलेला होता, एका बाजूला थोडा जास्त तांबूस, आणि त्याला लाकडाच्या धुराचा मंद वास येत होता. मालतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"धूर आसा," मी म्हटलं.

"धूर नाय," ती म्हणाली.

रविवारी वाड्याने तो केक पोरगं मेणबत्ती विझवायच्या आधीच नजरेने अर्धा संपवला होता. सगुणबाबांनी तीनदा मागितला. बायका मालतीभोवती जमल्या. "हो वास कसो काडलो गे?" कुणाला नाताळाला हवा होता, कुणाला साखरपुड्याला. मला तर पोटातून बरं वाटलं. इतकं बरं की जरा पुढे जाऊन मी म्हटलं, "नवो ओव्हन घेतलो आमी. कॉम्बिनेशन."

मालतीने माझ्याकडे पाहिलं. "फोर्नातलो आसा," ती सगळ्यांना म्हणाली. "आमच्या ओव्हनात फक्त नुस्ता जाता."

आता दर शनिवारी तिच्या ऑर्डरी आंतोनच्या फोर्नात असतात आणि डबे वाहायला मी असतो. एवढ्या पैशांचा ओव्हन फुकट जाऊ नये म्हणून एकदा मी खरंच त्यात पापलेट सरकवलं. शेपटीला धरून, उभं. कच्चं असताना छान गेलं. भाजल्यावर बाहेर ओढायला त्याला शेपूट राहिलं नाही. शेवटी ते उलथन्याने खरवडून तुकड्या-तुकड्याने खाल्लं, आणि आईने घरभर धूप फिरवला.

तरी मला एवढंच म्हणायचं आहे, माझं माप चुकलं नव्हतं. देव्हाऱ्याकडे तो ओव्हन अगदी बरोबर बसला असता. आणि शिंक खरी होती. हे मी घरात अजून सांगतो. परवाच जेवताना सांगत होतो, अगदी देवाशपथ म्हणत होतो, तेवढ्यात खाणीची धूळ नाकात वळवळली आणि मला सणसणीत शिंक आली.

आईने हातातला घास खाली ठेवला. मालतीने शांतपणे माझ्या पानात आमटी वाढली आणि विचारलं, "आता काय व्हया तुमका?"