उण्यादुण्याच्या तहाची बखर

श्री. विघ्नहर्त्यास एक नमस्कार, वाग्देवीस दोन, आणि ऐकणारांस तीन; कां कीं देव कंटाळले तरी बसून राहतात, ऐकणार उठून जातात. शके सोळाशें नव्याण्णव, हेमलंबीनाम संवत्सरीं, माघ मासीं एका नदीच्या दोहों थडींस दोन राज्यें होतीं, त्यांचें वर्तमान जैसें घडलें तैसें येथें लिहिलें असे. कोठें अधिक वाटलें तर तो नदीच्या पाण्याचा फुगवटा समजावा, लिहिणाराचा नव्हे.

पूर्वथडीस गादीचें राज्य. अकरा पिढ्या एकाच घराण्याची गादी, आणि महाराजांविषयीं उणा शब्द काढणें हा मोठा अपराध. महाराजांच्या हातून ताटाबाहेर भात सांडला तर दरबारीं म्हणत कीं भातासच पायां पडण्याची घाई जाहली. आणि पश्चिमथडीस चिंचोक्यांचें राज्य. तेथें दर तिसरे वर्षीं देवळापुढें रांजण मांडीत, आणि बायकापुरुष येऊन एकेक चिंचोका आपल्या मनच्या माणसाच्या रांजणांत टाकीत, आणि ज्याचा रांजण भारी तो मुखत्यार होई. ते समयीं धोंडजी नामें कल्हईवाला मुखत्यार होता. तो सकाळीं राज्य करी आणि दुपारीं भांड्यांस कल्हई करी, कीं उद्यां चिंचोके फिरले तर हातीं धंदा असावा. त्यास लोक उठल्यापासून निजेपर्यंत तोंडावर बोल लावीत. पाऊस न पडला तर धोंडजी, आणि अधिक पडला तरीही धोंडजी. आणि दोन्हीं थडींची रयत एकमेकांची कींव करी. गादीकडील म्हणत, "बिचारीं पोरकीं माणसं, दर तीन वर्षांनीं बाप बदलायचा म्हणजे काय." चिंचोक्याकडील म्हणत, "बिचारीं मुकीं माणसं, धन्याचं पागोटं वाकडं आहे एवढंसुद्धां सांगायची सोय नाहीं." आणि घरीं जाऊन दोघेही मनांत म्हणत कीं तिकडे असतों तर बरें होतें, परंतु हें कोणी कबूल करीत नसे.

त्या दोन राज्यांत एक वहिवाट होती. माघ शुद्ध त्रयोदशीस नदीचें पाणी उतरलें म्हणजे दोन्हीं थडींस माणसें जमत आणि हलग्या वाजत आणि या थडीनें त्या थडीच्या धन्याचीं उणींदुणीं काढावीं, त्या थडीनें या थडीच्या. आपल्या धन्यास मात्र त्या दिवशीं बोलावयाचें नाहीं. यास उण्यादुण्याचा दिवस म्हणत. गादीकडून एक म्हातारा भालदार बोलत असे. त्याचा जन्म ललकारी देण्यांत गेला, यास्तव त्यास शिवी देखील आदरावांचून देतां येईना, तो पुढें येऊन लवून म्हणे, "मुखत्यारसाहेब, आपण परम मूर्ख आहांत, ऐसी सेवकाची नम्र विनंती आहे." आणि चिंचोक्याकडून बोलत असे ठकूबाई. सत्तावीस वर्षें तिचाच मान. तिणें एकदां सूर लाविला तों पैलथडीचें दूध नासलें आणि वरून जाणारे बगळे वाट चुकून परत गेले, ऐसें सांगतात. बगळ्यांचें खोटें असेल, दुधाचें खरें आहे. परंतु ठकूबाई जें बोले तें तिचें नसे. गादीकडील बायका बाजारास येत आणि भाजी निवडतां निवडतां हळूच सांगत, "ठकूमावशे, आमच्या पाटाला दोन वर्षं पाणी नाहीं, तेवढं यंदा महाराजांच्या नांवानं घाल कीं गं." दुसरी सांगे, "आमचा अंमलदार फार हात उचलतो, तोही घे." आणि ठकूबाई तें सारें पोटांत ठेवी आणि त्रयोदशीस महाराजांच्या नांवानें घाली. आणि पैलथडीस चिकाचा पडदा सोडून आंत महाराज बसत आणि एकेक शब्द ऐकत. वर्षांतून तेवढा एकच दिवस त्यांस आपल्या राज्याचें खरें वर्तमान कळे. मग पंधरा दिवसांत पाटास पाणी येई आणि अंमलदार बदलून जाई, आणि दरबारीं म्हणत कीं महाराजांस स्वप्नांत दृष्टांत जाहला.

ऐसें चाललें असतां ठकूबाईची एकुलती लेक मैना पैलथडीस गादीच्या राज्यांत दिली होती, तिला दिवस राहिले. पहिलें बाळंतपण माहेरीं, हें दोन्हीं राज्यांत सारखें. परंतु दिवाळीस गादीच्या कारभाऱ्यानें मसलत काढिली कीं चिंचोक्यांच्या थडीस जन्मलेल्या पोरास पहिल्या घुटीबरोबर प्रश्न विचारण्याची खोड लागते, आणि मोठें होऊन तें चिंचोके मागतें. सबब पैलथडीच्या सुनांनीं बाळंतपणास नदी ओलांडूं नये. ऐसा हुकूम लिहून आणिला, आणि महाराजांपुढें त्या दिवशीं चाळीस कागद होते आणि चाळीसांसही "वाहवा" ऐकूं आली, आणि त्यांमागून आलेल्या या एकेचाळिसाव्यास न वाचतांच शिक्का जाहला. मग भाजीवालीच्या हातीं मैनेचा निरोप आला, "आई, मला न्यायला ये. सासू चांगली आहे, पण मला तूंच पाहिजेस." ठकूबाईनें निरोप ऐकिला आणि चुलीपुढें बसून राहिली, आणि मग म्हणाली, "त्रयोदशी येऊं दे." तेव्हांपासून ती दळतांना आणि धुतांना एकेक शिवी घांसून पुसून ठेवूं लागली. हिशेबानें मैनेचा नववा महिना त्रयोदशीस भरत होता. परंतु त्रयोदशीस बोलावें आणि दोन दिवसांत नाव यावी, एवढा ठकूबाईस आपल्या तोंडाचा भरंवसा होता.

तों त्रयोदशीस आठ दिवस असतां अघटित जाहलें तें ऐसें. पाण्याच्या वांटणीचें बोलणें करावें म्हणून महाराज आणि धोंडजी नदीच्या मध्यावर दोन नावा एकमेकींस बांधून भेटले. वांटणी अर्ध्या घटकेंत जाहली आणि मग सुखदुःखाच्या गोष्टी निघाल्या. महाराज बोलिले, "मुखत्यार, तुम्ही भाग्यवान. तुमचे लोक तुम्हांस तोंडावर सांगतात." धोंडजी म्हणाला, "महाराज, जेवतांना सांगतात. घास तोंडांत असतां सांगतात. मला कोणी चांगलं म्हटल्याला सात वर्षं झालीं, तेंही कल्हईला म्हटलं होतं." हें ऐकून महाराजांचें अंतःकरण द्रवलें, आणि मनांत आलें कीं या गृहस्थाच्या कानीं एकदां तरी गोड शब्द पडावा, आणि तेथेंच तह ठरविला कीं यापुढें त्रयोदशीस दोन्हीं थडींनीं परस्परांच्या धन्याची स्तुतीच करावी, उणा शब्द काढूं नये. आपला वर्षाचा एकुलता दिवस महाराजांनीं मित्रास देऊन टाकिला, आणि धोंडजीस वाटलें कीं महाराजांसही स्तुतीच पाहिजे असेल, म्हणून त्यानेंही शिक्का केला. दोघेही परस्परांवर माया करून चुकले.

ठकूबाईस वर्तमान कळलें तैसी ती धोंडजीच्या दारीं आली. तो पातेलें तापवून नवसागर टाकीत होता. ती म्हणाली, "धोंडजी, तुझ्या हातांत राज्य देण्यापेक्षां चिमटा दिला तोच बरा होता. तह मोड." धोंडजी म्हणाला, "मावशी, मोडतों. पण आपल्याकडे एकट्यानं तह करतां येतो, मोडतां येत नाहीं. दवंडी पिटायची, रांजण मांडायचे, चिंचोके मोजायचे. महिना जाईल." "माझ्या पोरीला आठ दिवस राहिलेत." धोंडजी पातेलें उगाच फिरवूं लागला. मग ती हळू म्हणाली, "तूं राजाशीं दोस्ती केलीस आणि कुलूप माझ्या तोंडाला घातलंस. ती तिकडे वाट बघत असेल रे." धोंडजीच्या डोळ्यांस पाणी आलें, तो म्हणाला नवसागराचा धूर गेला. चुलीवर त्या वेळीं धूर फारसा नव्हता.

त्रयोदशी आली. दोन्हीं थडींस मुंगीस वाट नाहीं ऐसी गर्दी. भालदार पुढें आला, आणि स्तुति हा तर त्याचा पिढीजात धंदा, त्यानें धोंडजीस "सकळ पात्रांचे उद्धारक, तेजोनिधि, चिमटाधारी" ऐसें आरंभून ऐसा गौरविला कीं धोंडजीचे कान लाल जाहले आणि त्याचीच माणसें म्हणूं लागलीं, "धोंडजी, पळ, आतां लग्न लावतो तुझं." मग हलग्या थांबल्या आणि ठकूबाई खडकावर चढली. सत्तावीस वर्षांच्या शिव्या पोटांत आणि तह माथ्यावर. तिणें म्हटलें, "महाराजांचा मुकुट..." आणि थांबली. पुन्हां म्हटलें, "महाराजांचं राज्य..." आणि थांबली. गोड शब्द येईना आणि कडू बोलतां येईना. आणि तेव्हां पैलथडीच्या बायकांत तिला मैना दिसली. पोट पुढें, एक हात कमरेस, आईचा आवाज ऐकावयास आलेली. ठकूबाई सारें विसरली आणि म्हणाली, "मैने, उभी राहूं नकोस. खालीं बस." सारी नदी स्तब्ध होती, म्हणून तें साऱ्यांस ऐकूं गेलें. मैना तिचीच लेक, आवाज तोच, ती म्हणाली, "बसलें तर उठतां येत नाहीं, आई." "पाय सुजलेत?" "सुजलेत." "मीठ कमी कर. झोंप लागते का?" "कूस बदलतां येत नाहीं." "उशी घे पाठीला. डिंकाचे लाडू पाठवले ते मिळाले?" "दोन मिळाले. बाकीचे चौकीवरच्यांनीं खाल्ले." यावर दोन्हीं थडी हंसल्या आणि चौकीवरचे खालीं पाहूं लागले. मग मैना म्हणाली, "आई, मला भीति वाटते." तेव्हां कोणी हंसलें नाहीं. ठकूबाई म्हणाली, "वाटणारच. मलाही तुझ्या वेळीं वाटली होती. माझी आई हात धरून बसली होती, म्हणून झालीस."

पैलथडीस चिकाचा पडदा हालला आणि महाराज स्वतः बाहेर आले. अकरा पिढ्यांत उण्यादुण्याच्या दिवशीं गादीचा धनी रयतेनें पडद्याबाहेर पाहिला नव्हता. महाराजांनीं विचारिलें, "ही मुलगी आईकडे कां गेली नाहीं?" कारभारी म्हणाला, "महाराजांचाच हुकूम आहे." "आमचा?" "शिक्का आहे, महाराज. दिवाळीचा." महाराज पाण्याच्या कडेस येऊन बोलिले, "बाई, तुम्ही आज आम्हांस बोलत कां नाहीं?" ठकूबाई म्हणाली, "तह आहे, महाराज." "आम्ही ऐकूं इच्छितों." तेव्हां ती म्हणाली, "मग ऐका. सत्तावीस वर्षं बोललें तें तुमच्याच लोकांचं सांगणं होतं, माझं कांहीं नव्हतं. म्हणून जीभ चालत होती. आज पहिल्यांदा माझं स्वतःचं मागणं आहे, तर एक शिवी सुचत नाहीं. माझी पोर मला द्या. बाळंत झाली कीं सव्वा महिन्यानं आणून घालतें."

महाराज कारभाऱ्याकडे वळले. कारभारी म्हणाला, "गादीचा हुकूम मागें घेतल्याचा दाखला नाहीं, महाराज. हुकूम चुकूं शकतो हें रयतेला कळलं तर उरेल काय?" महाराजांनीं पैलाडून धोंडजीस हांक मारून विचारिलें, "मुखत्यार, तुमचेकडे हुकूम चुकला तर काय करतां?" धोंडजी म्हणाला, "चुकला म्हणतों, महाराज." "मग?" "मग लोक बोलतात. बोलून दमले कीं दुसरा हुकूम काढतों." "इतकेंच?" "इतकंच. पहिल्या वेळीं घसा कोरडा पडतो. पाणी पिऊन म्हणावं." महाराज ओंजळभर नदीचें पाणी प्याले आणि साऱ्या रयतेसमोर स्पष्ट म्हणाले, "आमचा हुकूम चुकला." तो शब्द गादीवरून कधीं निघाला नव्हता. हलगीवाल्यांच्या हातच्या काड्या गळाल्या, आणि सरकारी हत्ती उभा होता तो खालीं बसला. सर्व वाट पाहत राहिले कीं आतां गादी मोडते कीं आकाश पडतें. तों गर्दींतून एका म्हातारीनें शांतपणें म्हटलें, "होतं असं, बाळा." महाराजांस बाळा म्हणणें हाही अपराधच होता, परंतु त्याचा कागद आजपावेतों जाहला नाहीं.

मग महाराजांची खासी नाव सोडिली, तींत मैनेस गादीवर बसविलें आणि चौकीवरच्यांनीं वल्हीं मारिलीं. धोंडजी कमरभर पाण्यांत शिरला आणि नाव हातें ओढून घेतली. दोन्हीं थडींचे लोक कान टवकारून उभे, कीं आतां ठकूबाई काय गर्जेल तें पोरांस सांगतां येईल. परंतु ठकूबाई पाण्यांत उतरली, लेकीचें तोंड दोन्हीं हातांत घेतलें, आणि तिच्या कानाशीं लागून कांहीं बोलली. काय बोलली तें जवळ उभ्या धोंडजीसही ऐकूं गेलें नाहीं.

तात्पर्यें, चौथे दिवशीं दुपारीं मुलगी जाहली, आणि आई हात धरून बसली होती. स्तुतीचा तह महिन्यानें चिंचोके मोजून रद्द जाहला. चिंचोक्याचे लोक धोंडजीस पूर्ववत् बोलतात, परंतु घास गिळूं देतात. आणि गादीकडे महाराज वर्षांतून एकदोन वेळां चुकला म्हणतात, त्यानें गादीस तडा गेल्याचें दिसत नाहीं. बाळंतीण सुखरूप. दोन्हीं राज्यें सुखरूप. लेखनसीमा.