आप्पा सरांचं स्लॅक ऑफ

शिकवता शिकवता आप्पा सर मधेच थांबतात, कान टवकारतात आणि मोठ्यानं म्हणतात, "स्लॅक ऑफ करायचं न्हाई." आम्ही माना खाली घालून भराभरा लिहायला लागतो. चूक कुणाची, हे बरेच दिवस कळलंच नाही.

परभणीत माझ्या खोलीला लागूनच सरांचं घर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते ओसरीवर कॉलेजच्या पोरांना इंग्रजी शिकवतात. मी राणीसावरगावचा. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळं इंग्रजी बोलताना अजून अडखळतो. सरांचं मत मात्र ठाम आहे: एक शब्द नीट कळला की बाकीचे त्याच्या मागं येतात. तो एक शब्द म्हणजे 'स्लॅक ऑफ'.

"म्हंजी अंगचोरपणा," ते सांगतात. "जोडीतला एक बैल अंग चोरायला लागला की सगळं वझं दुसऱ्याच्या मानंवर. कळलं का?"

एकदा कूलरचा वारा कमी झाला. पोखर्णीचा संदीप हौसेनं म्हणाला, "सर, कूलर स्लॅक ऑफ करायलाय."

"न्हाई. कूलर बिघडलाय. ज्याला जमतंय अन् तरी जो हात आखडतो, त्यालाच हा शब्द. बिघडलेल्याला, थकलेल्याला लावायचा न्हाई. पाप लागतं."

आम्ही वहीत 'पाप लागतं' हेही लिहून घेतलं.

तरी सरांची ती आरोळी काही थांबेना. "सर, मी तर लिवायलोय की," संदीप एकदा कळवळून म्हणाला.

"तुला कोन म्हणलं, बाबा?"

माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आमच्या क्लासच्या वेळी आत सरांची बायको, म्हणजे काकू, भाकरी थापतात. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हाताला रोज काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून सर स्वतः पीठ मळून परात त्यांच्यापुढं ठेवतात आणि मग बाहेर येऊन शिकवतात. थापण्याचा आवाज मंदावला की आरोळी. तो हात पहिल्यासारखा होणार, याची सरांना खात्री आहे. निदान आरोळीत तरी असते.

परवा आवाज मंदावला आणि थांबलाच. आम्ही आरोळीची वाट बघत होतो. सर हातातल्या खडूसकट आत गेले. दार उघडंच होतं.

"होईना आज," काकूंचं जड जिभेचं बोलणं ऐकू आलं.

"मग र्‍हाऊ दे. थकणं येगळं. सरक जरा."

थोड्या वेळानं थापा पुन्हा सुरू झाल्या, पण बेताल. दोन पडायच्या, मग काहीच नाही, मग एक. संदीपनं माझ्याकडं बघितलं. आतून काकू सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या,

"अहो... स्लॅक ऑफ... करायचं न्हाई."

थापा लगेच जोरात पडायला लागल्या. आम्ही माना खाली घालून लिहीत राहिलो.